पशुपालक आणि मांसाचा बाजार : बोट्स्वानाचा धडा



आजच्या विषयाचे नाव फलकावर वाचून काही श्रोत्यांच्या कपाळाला आठी पडली असेल, याची आम्हांला कल्पना आहे. गोमांस हा आपल्याकडे श्रद्धेचा आणि तितकाच वादाचा विषय आहे. महाराष्ट्रात गाईंबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही २०१५ पासून कायद्याने बंदी आहे. तो वाद आज येथे मांडावयाचा नाही. आम्हांला सांगावयाचे आहे ते आफ्रिकेतील एका देशातल्या गुरे राखणाऱ्या माणसाविषयी. त्या माणसाला गाय प्रिय आहे आणि तो ती विकतोही. या दोन गोष्टी त्याच्या मनात भांडत नाहीत. त्याचे भांडण आहे ते बाजाराशी, आणि ते समजून घेण्यासारखे आहे.

आम्ही पंडित नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण संघटनेच्या कचेरीत, सभांच्या इतिवृत्तांत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. बोट्स्वाना देश आम्ही डोळ्यांनी पाहिलेला नाही. जे सांगणार आहोत ते वाचून जमविलेले आहे. परंतु बाजाराच्या आवारात हमालांमध्ये काम करताना एक गोष्ट आम्ही रोज पाहिली. टेम्पोभर भाजी घेऊन आलेला शेतकरी सकाळी भाव सांगतो आणि संध्याकाळी भाव ऐकतो. सकाळी तो थांबू शकत असतो, संध्याकाळी थांबू शकत नाही. माल तोच आणि माणूसही तोच. बदलली ती केवळ थांबण्याची शक्ती. बोट्स्वानाच्या गुराख्याची कथा वाचताना हेच सूत्र आम्हांला पानोपानी दिसले. म्हणून हा विषय निवडला.

देश आणि त्यातील गुरे

बोट्स्वाना हा दक्षिण आफ्रिका खंडाच्या मधोमध वसलेला, समुद्रकिनारा नसलेला देश. विस्तार सुमारे ५ लाख ८० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट. लोकसंख्या मात्र २०२२ च्या शिरगणतीप्रमाणे साडेतेवीस लाखांच्या आसपास. आपल्या एका पुणे शहराहून कमी. देशाचा दोनतृतीयांशाहून अधिक भाग कलहारीच्या वाळूने व्यापलेला आहे. नैऋत्येला वर्षाचा पाऊस २५० मिलिमीटर, ईशान्येला फार तर ६५०. तोही लहरी. त्या देशात पावसाला 'पुला' म्हणतात, आणि १९७६ मध्ये त्यांनी स्वतःचे चलन काढले तेव्हा त्याचे नावही 'पुला'च ठेवले. ज्या देशात रुपयाला पाऊस म्हणतात, त्या देशाची चिंता काय असेल हे वेगळे सांगावयास नको.

अशा भूमीवर नांगरट थोडी आणि गवत पुष्कळ. म्हणून गुरे. त्स्वाना लोकांची जुनी रीत अशी की घर गावात, शेत गावाबाहेर आणि गुरे त्याहूनही दूर, पाण्याच्या आश्रयाने. गुरांच्या या ठाण्याला ते 'मोराका' म्हणतात. कुरण कोणा एकाचे नव्हे, साऱ्या जमातीचे. आपल्या गायरानासारखे, पण कित्येक कोसांचे. ज्याच्याकडे गुरे जास्त तो आपली काही गुरे गरीब नात्यागोत्यात सांभाळावयास देतो. या रीतीला 'मफीसा' म्हणतात. आपल्याकडे शेळी किंवा कालवड अर्धलीने देतात, तिच्याशी या रीतीचे थोडे साम्य आहे. सांभाळणाऱ्याला दूध मिळते, नांगराला बैल मिळतात आणि अधूनमधून एखादे वासरू त्याचे होते.

या गुरांवर संकटे आली तीही लहान नव्हती. १८८० च्या दशकाच्या अखेरीस आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर बुळकांडीचा रोग उतरला. इटालियन सैन्यासाठी आणलेल्या जनावरांबरोबर तो आला, आणि ती जनावरे हिंदुस्थानातून आणलेली होती असे पुष्कळ इतिहासकार मानतात. १८९६ मध्ये तो रोग झांबेझी नदी ओलांडून दक्षिणेत पोहोचला आणि तेथील बहुतेक गुरे मेली. तेव्हा हा देश ब्रिटिशांच्या ताब्यात होता आणि त्याला बेचुआनालँड म्हणत. कळप पुन्हा उभे राहिले, तोच १९२४ मध्ये शेजारच्या दक्षिण आफ्रिकेने आपल्या गोऱ्या पशुपालकांचा बाजार राखण्यासाठी नियम केला, की ठराविक वजनाखालचे जनावर सरहद्दीच्या आत घेणार नाही. गरिबाचे जनावर हलके असते. वजनाचा नियम कागदावर सर्वांना सारखा होता, पण दार बंद झाले ते गरिबाचे.

गुराखी गुरे का विकत नाही?

युरोपीय अधिकारी आणि विद्वान यांना एक कोडे पडत असे. या लोकांपाशी इतकी गुरे, मग ते विकत का नाहीत? १९२६ मध्ये अमेरिकन मानवशास्त्रज्ञ मेलव्हिल हर्सकोविट्स यांनी पूर्व आफ्रिकेतील पशुपालकांविषयी लिहिताना गुरांभोवती फिरणाऱ्या साऱ्या संस्कृतीचे वर्णन केले. त्याचा सोयीस्कर अर्थ पुढे अनेकांनी असा घेतला, की या लोकांना गुरांचे वेड आहे, हिशेब कळत नाही. आजही पारंपरिक कळपातून वर्षाला शंभरातील आठ-दहाच जनावरे विक्रीस जातात. कुंपणातल्या मोठ्या व्यापारी कळपातून याच्या दुप्पट जातात. हा आकडा पुढे करून गुराख्याला आळशी किंवा अडाणी ठरविण्यात येते.

वास्तविक हिशेब त्यालाच पक्का कळतो. त्याची गाय मांसासाठी जन्मलेली नसते. ती दूध देते. तिचा बैल नांगर ओढतो. पहिला पाऊस पडल्यावर जो बैलजोडीसाठी दुसऱ्याच्या दारी जातो त्याची पेरणी मागे पडते आणि पीकही मागे पडते. लग्नात मुलीकडच्यांना द्यावयाची 'बोगाडी' गुरांतच मोजतात. आजारपण, मयत, मुलाची शाळा, यांसाठी एखादे जनावर मोडता येते. म्हणजे गुरे ही त्याची पेढी आहे, आणि या पेढीत व्याज वासराच्या रूपाने पडते. पेढीतला पैसा गरजेपुरता काढावा, उगाच काढू नये, हे आपली आईही सांगत होती. तिला कोणी वेडी म्हटले नाही.

आणखी एक गोष्ट. पारंपरिक कळपात शंभर गाईंमागे वर्षाला पन्नास-साठच वासरे मिळतात. त्यांतली काही रोगाने, काही तरस-चित्त्यांच्या तोंडी जातात. खुल्या कुरणावर बैल विक्रीजोगा भरावयास चार ते सहा वर्षे लागतात. ज्याच्या घरी दहा जनावरे, त्याने वर्षाला दोन बैल विकले तर त्याचा कळप आटू लागेल. दोनशेचा धनी वीस विकूनही वाढत राहील. तेव्हा 'गुराखी विकत नाही' हे वाक्य अपुरे आहे. लहान गुराखी विकू शकत नाही, आणि जेव्हा विकतो तेव्हा बहुधा नको त्या वेळी विकतो.

संधी कोठून आली?

१९५४ मध्ये लोबात्से या गावी मोठा कत्तलखाना सुरू झाला. त्यापूर्वी गुरे जिवंत हाकून नेऊन परक्याच्या बाजारात, परक्याच्या भावाने विकावी लागत. देश ३० सप्टेंबर १९६६ रोजी स्वतंत्र झाला. त्याच सुमारास बोट्स्वाना मांस आयोग स्थापन झाला आणि लोबात्सेचा कत्तलखाना त्याच्याकडे आला. मांस परदेशी विकण्याचा हक्क या एकाच संस्थेला मिळाला, आणि उरलेला नफा जनावरे देणाऱ्यांना वाटावा असे धोरण ठरले. पुढे १९८३ मध्ये माऊन येथे आणि त्या दशकाच्या अखेरीस फ्रान्सिसटाऊन येथे आणखी कत्तलखाने उभे राहिले.

स्वातंत्र्य आले तेव्हा देशाची स्थिती बिकट होती. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात पडलेल्या दुष्काळात देशातील सुमारे एकतृतीयांश गुरे मेली होती. हिरे अद्याप सापडले नव्हते. ओरापाची खाण १९६७ मध्ये सापडली. परदेशात विकण्याजोगे जे काही होते ते मांसच. मग १९७५ मध्ये लोमे येथे युरोपीय राष्ट्रांचा आफ्रिकी राष्ट्रांशी करार झाला. त्यात बोट्स्वानाला दरवर्षी ठराविक प्रमाणात हाडविरहित मांस युरोपात पाठविण्याची मुभा मिळाली, आणि त्यावरील आयात-आकारात सुमारे नव्वद टक्के सूट मिळाली. युरोपातील मांसाचे भाव चढे होते. कलहारीच्या कुरणात वाढलेला बैल एकदम जगातील एका महागड्या बाजाराशी जोडला गेला. १९८० च्या दशकाच्या आरंभी देशातील गुरांची संख्या ३० लाखांजवळ पोहोचली होती.

ही संधी खरी होती, ती खोटी ठरवू नये. जेथे ज्वारीही भरवशाने पिकत नाही, तेथील गवत बैलाच्या पोटातून पैशात उतरते. तेथील मूळची त्स्वाना जनावरे काटक असतात, उन्हाला आणि गोचिडीला सहज वाकत नाहीत. त्यांच्या जोडीला अधिक मांसाची ब्राह्मण जात आली. या जातीचे नाव ऐकून आपल्याला हसू येईल, पण तिचा आपल्याशी संबंध खरा आहे. अमेरिकेत गीर, कांक्रेज, ओंगोल आणि आपल्या कृष्णाकाठची कृष्णा खोरे अशा हिंदुस्थानी जातींपासून ती तयार केली गेली. वशिंडाचे ते जनावर तेथून दक्षिण आफ्रिकेत आणि बोट्स्वानात पोहोचले. लसीच्या बाबतीतही त्या देशाने हिंमत दाखविली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस लाळ्या-खुरकुताची साथ आली तेव्हा फ्रेंच तज्ज्ञांच्या मदतीने त्यांनी स्वतःची लस-संस्था उभारली, आणि आज ती शेजारच्या देशांनाही लस पुरविते.

कुंपण

परंतु महाग बाजाराची अट महाग असते. युरोपची पहिली अट अशी की लाळ्या-खुरकूत असलेल्या भागातले मांस नको. आफ्रिकेत हा रोग रानम्हशींच्या अंगी वर्षानुवर्षे राहतो. तिला स्वतःला त्याचा त्रास होत नाही, पण तिच्यापासून गुरांना लागण होते. म्हणून देशाचे निरनिराळे विभाग पाडून मधे तारांची कुंपणे घालण्यात आली. कुके येथील प्रसिद्ध कुंपण १९५८ चे आहे. अशी हजारो किलोमीटर कुंपणे झाली. रोग अडला, पण पाण्याच्या शोधात ऋतूप्रमाणे फिरणारी रानजनावरेही अडली. १९८० च्या दशकातील दुष्काळात कुंपणापाशी आणि आटत्या पाण्यापाशी हजारो रानजनावरे मेली. शिकारीवर जगणाऱ्या बासार्वा लोकांच्या अन्नालाच त्यामुळे धक्का बसला.

कुंपणाच्या कोणत्या बाजूला आपला मोराका पडतो, यावर गुराख्याचे नशीब ठरू लागले. वायव्येकडील ङामीलँड जिल्ह्यात ओकावांगो नदीचा विशाल दलदलीचा प्रदेश आहे आणि रानम्हशी तेथेच आहेत. त्यामुळे तेथील गुरांना युरोपची वाट मोकळी नाही. त्याच जिल्ह्यात १९९५ मध्ये गुरांच्या फुप्फुसाचा सांसर्गिक रोग शिरला. तो आवरेना, तेव्हा १९९६ मध्ये सरकारने त्या जिल्ह्यातील झाडून सारी गुरे, सुमारे ३ लाख २० हजार, मारून टाकली. उर्वरित देशाचा निर्यात-बाजार वाचविण्यासाठी हे केले गेले. गुरांचा मोबदला दिला गेला, नंतर नवी गुरेही दिली गेली. पण दूध गेले, नांगर थांबले, आणि त्या भागातील लहान मुलांचे पोषण खालावल्याचे पुढे अभ्यासकांनी नोंदविले. माऊनचा कत्तलखाना बंद पडला. साऱ्या देशाचा बाजार वाचला आणि किंमत एका जिल्ह्याने भरली. ही किंमत सर्वांनी वाटून घ्यावयास नको होती काय, असा प्रश्न आमच्यासारख्या संघटनेच्या माणसाला पडतो.

दुसरी अट माग काढण्याची. युरोपात गुरांच्या मेंदूच्या रोगाने हाहाकार माजल्यावर २००० साली तेथे कायदा झाला, की मांसाच्या प्रत्येक तुकड्याचा माग मूळ जनावरापर्यंत लागला पाहिजे. बोट्स्वानाने जनावराला एक लहान विद्युत-गोळी गिळावयास देण्याची पद्धत काढली. ती पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात बसते आणि यंत्राने वाचता येते. पुढे तिच्या जागी कानातले बिल्ले आले. योजना चांगली, पण कागदपत्र, वाचनयंत्र आणि नोंदणी ही मोठ्या मालकाच्या मुनिमाला सोपी, दूरच्या मोराक्यावरील म्हाताऱ्याला अवघड. २०११ मध्ये युरोपीय अटींची पूर्तता झाली नाही म्हणून निर्यात थांबली आणि २०१२ मध्ये पुन्हा सुरू झाली. २०२२ मध्ये ईशान्येकडे लाळ्या-खुरकूत निघाले, तेव्हा पुन्हा दार बंद झाले.

दार बंद झाले की काय होते? कुरण आणि पाणी ज्याचे स्वतःचे, तो बैल उभे ठेवतो. दार उघडेल तेव्हा ते अधिक भरलेले असतात. ज्याच्या मुलाची फी भरावयाची आहे, तो शेजारच्या खाटकाला पडेल त्या भावाने देतो. आणि कत्तलखान्यात जनावर आले नाही की पहिला घाव रोजंदारीवर असलेल्या कामगारावर पडतो. सुरी चालविणारा कामगार आणि गुरे राखणारा गुराखी यांची गाठ कधी पडत नसेल, पण दोघांची चूल एकाच बातमीने विझते.

पाणी कोणाचे?

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. कुरण सर्वांचे आहे, हे खरे. पण कलहारीत गवत असून भागत नाही. जनावर पाण्यापासून फार दूर चरू शकत नाही. म्हणून ज्याची विंधनविहीर, त्याचेच प्रत्यक्षात भोवतालचे गवत. जमिनीच्या उताऱ्यावर नाव नसले तरी सत्ता त्याची.

पहिल्या विहिरी खोदल्या गेल्या तेव्हा काही ठिकाणी विचार चांगला होता. खात्लेंग भागात १९२० च्या दशकात इसांग पिलाने या जमातप्रमुखाने विहिरी खोदविल्या, आणि पुढे अशा विहिरी चालविण्यासाठी मालकांची मंडळे स्थापन झाली. यंत्राचे तेल आणि दुरुस्ती यांची वर्गणी काढावयाची आणि पाणी वाटून घ्यावयाचे, हा त्यांचा नियम. पण जो वर्गणी देऊ शकत नाही तो बाहेर राहिला. काही काळाने मंडळाची विहीर ही चार घरांची मिरास झाली. सहकाराच्या नावाने असे कुंपण आपल्याकडेही पडते, हे सांगण्याची गरज नाही.

मग १९६८ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांचा निबंध गाजला. सामाईक कुरणावर जो तो आपले जनावर वाढवितो आणि शेवटी कुरणाचा नाश होतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. कुरण सामाईक असले तरी त्याला रीती आणि राखणदार असतात, ही गोष्ट त्या युक्तिवादात नव्हती. याच विचाराच्या प्रभावाखाली १९७५ मध्ये बोट्स्वाना सरकारने कुरणांचे नवे धोरण जाहीर केले. मोठ्या मालकांनी सामाईक कुरण सोडावे, त्यांना दूरच्या 'मोकळ्या' प्रदेशात आठ किलोमीटर लांब आणि आठ किलोमीटर रुंद, म्हणजे ६,४०० हेक्टरांचे चौकोन दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने द्यावे, म्हणजे मागे राहिलेल्या गरिबांना कुरण मोकळे होईल, अशी ती योजना.

घडले निराळेच. 'मोकळा' म्हटलेला प्रदेश मोकळा नव्हता. तेथे बासार्वा राहत होते. त्यांच्यापैकी पुष्कळांना आपल्याच भूमीत दुसऱ्याची गुरे राखण्याची पाळी आली, तीही अनेकदा रोख वेतनाऐवजी दूध, पीठ आणि जुने कपडे यांवर. ज्यांना चौकोन मिळाले त्यांचा सामाईक कुरणावरचा हक्क मात्र गेला नाही. आपल्या कुंपणातले गवत संपले की त्यांची गुरे गावाच्या कुरणात येत. गावाची गुरे त्यांच्या कुंपणात जाऊ शकत नव्हती. १९७४-७५ च्या पाहणीप्रमाणे ग्रामीण घरांपैकी शंभरातील ४५ घरांकडे एकही गुरे नव्हते. युरोपच्या चढ्या भावाचा लाभ या घरांपर्यंत पोहोचण्याचा मार्गच नव्हता. राज्य चालविणाऱ्यांपैकी कित्येकजण स्वतः मोठ्या कळपांचे धनी होते, ही गोष्टही ध्यानात ठेविली पाहिजे. त्या देशाची लोकशाही निकोप, निवडणुका नियमित आणि हिऱ्यांच्या पैशाचा विनियोग पुष्कळ अंशी शहाणपणाचा. तरीही कुरणाचा प्रश्न आला की कायदा मोठ्या कळपाच्या बाजूला कलला.

गाडीभर बैल

आता लहान गुराखी आपला बैल विकावयास निघतो असे समजा. मांस आयोग पैसे देतो ते कापल्यानंतरच्या थंड मांसाच्या वजनावर आणि प्रतीवर. पद्धत सरळ आहे. पण कत्तलखान्यापर्यंत बैल न्यावा कसा? पश्चिमेकडील गांझीहून लोबात्से सुमारे सातशे किलोमीटर. पूर्वी कलहारी ओलांडून कळप आठवडेच्या आठवडे पायी हाकीत नेत, आणि वाटेत वजन झडे. आता मालमोटारी आहेत, पण मालमोटार एका बैलासाठी येत नाही. गाडीभर जनावरे असतील तर भाडे परवडते. ज्याच्यापाशी एकच बैल, त्याच्या दारी व्यापारी येतो, नजरेने वजन ठरवितो आणि रोख पैसे देतो. नजरेचे वजन घेणाऱ्याच्या बाजूने झुकते, हे तोलणाराला सांगावे लागत नाही.

त्यातून दुष्काळ आला म्हणजे सारेच उलटते. बैल हा भाजीपेक्षा बरा माल आहे. हिरव्या वर्षी तो उभा राहून वाढतो आणि धन्याला थांबण्याची शक्ती देतो. पण पाऊस गेला की तोच बैल दर आठवड्याला किलो किलो कमी होतो. सारेच विकावयास धावतात, जनावराचा भाव पडतो आणि धान्याचा चढतो. देशाला बहुतेक धान्य बाहेरून आणावे लागते. एका बैलात पूर्वी जितकी पोती येत त्याच्या निम्मीही येत नाहीत. २०१५-१६ च्या दुष्काळात राजधानी गाबरोनेला पाणी पुरविणारे धरण आटले होते, मग दूरच्या मोराक्याची कल्पना करावी. तापमान वाढत चालले आहे आणि अशी वर्षे वारंवार येतील, असे हवामानाचे जाणकार सांगतात.

मार्ग कोणता?

मग या गुराख्याने काय करावे? पहिला मार्ग त्यांनी स्वतःच दाखविला. १९६० च्या दशकापासून बोट्स्वानात गुरे विकणाऱ्यांच्या सहकारी संस्था निघाल्या. एकाचा एक, दुसऱ्याचे दोन असे करीत गाडीभर बैल जमवावयाचे, प्रत्येकाच्या जनावरावर खूण करावयाची, गाडीचे भाडे वाटून घ्यावयाचे, आणि कत्तलखान्याच्या काट्यावर ज्याचे जे वजन भरेल त्याप्रमाणे पैसे द्यावयाचे. घरची नड भागावी म्हणून काही रक्कम आगाऊ देणाऱ्या संस्थेची किंमत गरजू माणसालाच कळेल. आगाऊ रक्कम म्हणजे थांबण्याची शक्तीच होय. या संस्था जेथे नेटाने चालल्या तेथे एका बैलाचा धनीही मोठ्या मालकाच्या भावाने विकू शकला. जेथे हिशेब ढिला पडला तेथे व्यापारी परत आला.

दुसरा मार्ग पाण्याचा. सरकारी पैशाने खोदलेल्या विहिरीवर गुरे नसलेल्या आणि थोडी असलेल्या घरांचाही हक्क लिहून ठेविला पाहिजे, आणि ज्याला स्वतंत्र कुरण मिळाले त्याने सामाईक कुरण सोडले पाहिजे. दोन्हीकडे चरण्याचा हक्क कोणालाच नसावा. ही मागणी तेथील सरकारी कागदांतही वेळोवेळी आली आहे. अंमलात आणावयास संघटित दाब लागतो.

तिसरा मार्ग रोगाच्या अटींचा. मांस कापून चोवीस तास योग्य तापमानात ठेवले, त्यातील आम्लता पुरेशी वाढली, हाडे आणि गाठी काढून टाकल्या, तर लाळ्या-खुरकुताचा विषाणू त्या मांसातून जाण्याचा धोका अत्यल्प राहतो. म्हणून साऱ्या प्रदेशाला कुंपण घालण्याऐवजी मालाची शुद्धता पाहावी, असा विचार जागतिक पशु-आरोग्य संहितेतही रुजत आहे. याचे उदाहरण आपल्या दारातच आहे. आपल्या देशात हा रोग असूनही न्हावा-शेव्याच्या बंदरातून म्हशीचे हाडविरहित मांस अनेक देशांत जाते. ङामीलँडच्या गुराख्याला अशा वाटेने काही बाजार मिळू शकतो. तो युरोपइतका महाग नसेल, पण बंद दारापेक्षा अर्धे उघडे दार बरे.

चौथा मार्ग दुष्काळाचा. केनियाच्या उत्तरेकडील मार्साबिट जिल्ह्यात २०१० पासून पशुपालकांसाठी एक विमा सुरू झाला. आकाशातील उपग्रह गवताची हिरवाई मोजतो, ती ठराविक पातळीखाली गेली की विमेदाराला पैसे मिळतात. जनावर मेल्याचा पुरावा मागत नाहीत. गरिबाला हप्ता जड जातो, हा त्यातला दोष आहे आणि सरकारने तो उचलला पाहिजे. पण संकट पुरे कोसळण्यापूर्वी हाती पैसे पडले तर बैल मातीमोल भावाने विकावा लागत नाही.

आणि शेवटचा मार्ग, ज्याचा उल्लेख मांसविक्रीच्या अहवालांत सर्वांत कमी सापडतो, तो म्हणजे गुरे राखणाऱ्या मजुराचा. त्याच्यापाशी विकावयास बैल नसतो, असतात ते केवळ त्याचे पाय आणि डोळे. रात्री तरसाची चाहूल त्यालाच लागते, गाभण गाय कोठे व्याली हे त्यालाच ठाऊक असते. कळपातील शंभर गाईंमागे पन्नासाऐवजी सत्तर वासरे जगवावयाची असतील तर औषधाच्या बाटलीइतकेच त्याचे लक्ष लागते. दुधावर आणि जुन्या कपड्यांवर राबणारा माणूस ते किती दिवस देईल? त्याला रोख वेतन, ठराविक सुटी आणि वर्षाकाठी एक कालवड मिळाली तर तो कळपाचा शत्रू होणार नाही, भागीदार होईल.

श्रोतेहो, हिऱ्यांच्या खाणी निघाल्यावर बोट्स्वानाच्या राष्ट्रीय उत्पन्नात मांसाचा वाटा फार लहान राहिला आहे. पण गावातल्या माणसाच्या मनात आणि घरखर्चात गाईची जागा अजून मोठी आहे. खाणीतला हिरा सरकारच्या तिजोरीत जातो. गाय दारात उभी असते. तिच्या मांसाला जगात भाव आहे, ही त्या माणसाची संधी. भाव येईपर्यंत त्याला थांबता येत नाही, ही त्याची अडचण. ही थांबण्याची शक्ती एकट्याला विकत मिळत नाही. ती पाण्यावरच्या सामाईक हक्कातून, गाडीभर जमविलेल्या बैलांतून आणि चोख हिशेबाच्या संस्थेतून येते. जेथे ती आली तेथे लहान माणूस बाजारात ताठ उभा राहिला. जेथे आली नाही तेथे युरोपचा चढा भाव त्याच्या डोक्यावरून निघून गेला.